तळघरातली ओटी

आमच्या घराला तळघर आहे. सोलापुरात विणकरांच्या पेठेत अशी जुनी घरं अजून सापडतात. खाली माग आणि वर माणसं. आम्ही घर घेतलं तेव्हा माग भंगारात गेले होते. शहाबादी फरशी, भिंतीवरचे तेलाचे डाग आणि कोपऱ्यातला खड्डा एवढं उरलं होतं.

हा खड्डा म्हणजे जुना आड. तो बुजवून वर तळघर बांधलं, पण त्यातलं पाणी बुजलं नाही. पावसाळ्यात ते खालून वर येतं, म्हणून खड्ड्यात पंप बसवलेला आहे. पंपाला एक फुगा असतो. पाणी चढलं की फुगा वर तरंगतो आणि पंप आपोआप सुरू होतो. पाणी उतरलं की फुगा खाली येतो आणि पंप बंद होतो. पाणी पाइपातून खिडकीबाहेर जातं आणि गटाराला मिळतं. हे नीट चाललं तर तळघर कोरडं राहतं.

मी सांगोल्याकडचा. घरची मेंढरं होती, पण मी सूतगिरणीत नोकरीला लागलो आणि इथंच राहिलो. माझी बायको सोजर, तीही मेंढरांच्याच घरातली. आमच्या दोघांच्या गावांना उन्हाळ्यात टँकर यायचा. या घरात खड्ड्यात चढलेलं पाणी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सोजर पायरीवर बसून हसायला लागली.

"आवं, जलमभर आपुन पाण्यामागं पळालो. आता पाणीच आपल्या मागं लागलं की!"

सोजर यंदा माघात गेली. आजार फार लांबला नाही. शेवटी शेवटी तिला बोलायला त्रास व्हायचा, तरी सांगणं एकच होतं. "पंपाकडं लक्ष ठिवा. पोरीच्या मशिनी खाली हायत्या."

पोर म्हणजे आमची पूनम. दुधनीला दिली होती. एक दिवस मोडलेला हात गळ्यात बांधून एकटीच एसटीनं परत आली. सोजरनं तिला काही विचारलं नाही. तळघर झाडून काढलं, भिंतींना चुना दिला, शिलाई मशिनी आणवल्या आणि पूनमला शाळेच्या गणवेशांचं काम मिळवून दिलं. तिच्या सासरहून अजून फोन येतात. मशिनी घेऊन ये, इथंच शिव, असं म्हणतात. आमचं वरचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. तिथं मशिनी मावत नाहीत. म्हणजे तळघर कोरडं राहिलं तर पूनम इथं राहणार, आणि ओलं झालं तर तिला दुधनीशिवाय जागा नाही. सोजरला हे माहीत होतं. मलाही माहीत होतं.

दरवर्षी वैशाखात चन्नप्पा मिस्त्री येऊन पंप बाहेर काढतो. जाळीतला गाळ धुतो, पंखा हातानं फिरवून बघतो, पाइपातलं पाणी उलटं येऊ नये म्हणून जी झडप असते ती साफ करतो. मग खड्ड्यात बादलीनं पाणी ओतून फुगा उचलतो का, पंप लागतो का, ते बघतो. यंदाही तो आला. बोलका माणूस आहे.

"मामा, माणसागत हाय हे," पंप पुसत तो म्हणाला. "वर्षभर कोनी इचारत न्हाय आनि पाऊस आला की समदे गळ्यात पडत्यात."

"नीट झालाय ना?"

"नवरदेवागत झालाय. फकस्त खड्ड्यात कचरा, चिंध्या जाऊ देऊ नका. चिंधी लागली की संपलं बगा."

हे तो माझ्यासमोर बोलला आणि मी मान हलवली.

चन्नप्पा गेला की त्या शुक्रवारी सोजर खड्ड्याची ओटी भरायची. पाण्यात साती आसरा असतात असं आमच्याकडं मानतात. त्यांची ओटी बाईनं भरायची, पुरुषानं तिथं थांबायचं नाही. म्हणून मी जिन्यात वरच्या पायरीवर पाठ करून उभा राहायचो. खालून झाकण सरकवल्याचा, बांगड्यांचा आणि तिच्या पुटपुटण्याचा आवाज यायचा. मग ती ताटावर पदर धरून वर यायची. ताटात काय असतं ते मी कधी पाहिलं नाही. इतकी वर्षं ओटी भरली आणि तळघरात कधी पाणी साचलं नाही.

यंदा मी पूनमला विचारलं. ती मशीनवर होती. निळ्या कापडाचे गठ्ठे भिंतीला लावलेले होते. जूनला शाळा उघडायच्या आत सगळं द्यायचं होतं.

"आबा, मी कशी भरू?" मान वर न करता ती म्हणाली. "कुंकू हाय, नवरा हाय, आनि नवऱ्याच्या घरी जायाचं न्हाय. आसरांनी इचारलं तू कोन गं, तर काय सांगू?"

शेजारची रत्नम्मा विधवा. तिला सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून पूनम बटणं आणायला बाजारात गेली तेव्हा मी स्वतःच ओटी भरली. हिरवा खण आणला होता, नारळ होता, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या. झाकण सरकवलं. चन्नप्पानं ओतलेलं पाणी तळाला होतं. काय म्हणायचं ते मला येत नव्हतं. "सोजर न्हाय, म्हणून मी आलोय," एवढं म्हणालो आणि सगळं पाण्यात सोडलं. नारळ बुडून वर आला. खण थोडा वेळ पसरून राहिला, मग खाली गेला. मी झाकण लावून वर आलो. बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी पूनमची हाक आली. मी खाली गेलो तर खड्डा काठोकाठ भरला होता. वैशाखात त्यात पाणी येत नाही, कधीच आलेलं नव्हतं. गावात नळाला पाच दिवसांआड पाणी, आजूबाजूच्या बोअर आटलेल्या, आणि इथं पाणी. पंप घुमत होता पण पाइपातून थेंब पडत नव्हता. फुग्याशेजारी नारळ तरंगत होता.

चन्नप्पा आला, बटण बंद केलं, दोरीनं पंप ओढून काढला आणि माझ्याकडं बघतच राहिला.

"मामा, पंपाचं डोहाळजेवण केलं काय? खण काय, नारळ काय!"

पूनमला हसू आलं. माझ्यामुळं आलं, पण माघानंतर ती पहिल्यांदाच हसली.

"आबा, टाकलं व्हय सगळं पाण्यात? आई पाण्याला नुसतं दाखवायची आनि ताट वर आणायची. तिच्या सगळ्या हिरव्या चोळ्या त्याच खणांच्या की. तुमाला म्हाईत न्हाय?"

मला माहीत नव्हतं. तिच्या चोळ्या मी रोज पाहत होतो.

खण जाळीला आवळून बसला होता. चन्नप्पानं तो पीळ सोडवत सोडवत काढला आणि पूनमच्या हातात दिला. तिनं तो पिळला, झटकला आणि एकदम थांबली. खणाच्या एका टोकाला गाठ होती.

मी खण उघडा सोडला होता. गाठ मारली नव्हती.

"पान्यात गरगर फिरलं की पडती गाठ," चन्नप्पा म्हणाला.

पण ती तशी गाठ नव्हती. कोकराच्या पायाला बांधतात ती होती. ओढ बसली की आवळते आणि शेपटी धरून ओढली की झटक्यात सुटते. सोजर पदराच्या टोकाला, बाजाराच्या पिशवीला हीच गाठ मारायची. माहेरी शिकली होती. आम्हाला बापलेकीला ती शिकवून दमली, पण जमली नाही.

पूनमनं शेपटी ओढली. गाठ सुटली. आत तांदळाचे थोडे दाणे होते, चिमटीत मावतील एवढे. खणातून पाणी गळत होतं आणि दाणे कोरडे होते.

तेवढ्यात रत्नम्मा जिन्यात आली होती. ती दारात बसून विड्या वळते, गल्लीतलं सगळं तिला कळतं. मागवाल्या तेलुगू घरातली. या घराचा आड तिनं लहानपणी उघडा पाहिला होता. सोजरवर तिचा फार जीव. ती दाणे बघून खालच्या पायरीवर बसली.

"ओटी भरली की बाई काय करती, भाऊ?" मग तिनं मला विचारलं. "ओटीतले चार दाणे काढून भरणारीला परत देती. तुमी दिलं, तिनं घेतलं. तुमचं तुमाला परत दिलं."

"तिनं म्हणजे कुणी?" पूनमनं विचारलं.

रत्नम्मानं तिच्याकडं पाहिलं. मला म्हणाली, "ते घरातल्या तांदळात मिसळायचं, भाऊ. शिजवायचं, खायाचं. जवळ ठिवायचं न्हाय. परत दिल्यालं जवळ ठिवलं की देनारी वाट बघत बसती."

मी हो म्हणालो. दाणे घेतले आणि वर जाऊन कागदाच्या पुडीत बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवले. तिचं माझ्याकडं काय राहिलं होतं? साड्या रीतीप्रमाणं वाटल्या गेल्या. मणी पूनमकडं. हे दाणे मला परत आलेले होते.

खण पूनमनं गच्चीवर वाळत घातला. वैशाखातल्या उन्हात आमच्याकडं चादरसुद्धा घटकेत वाळते. संध्याकाळी हात लावला तर खण ओला. दुसऱ्या दिवशी ओला. चौथ्या दिवशीही त्याच्या टोकाखाली गच्चीवर ओला डाग होता.

पंप आता चांगला चालत होता. पण पाणी रोज यायला लागलं. दुपारी जेवून मी खाली जाऊन खड्ड्याजवळच्या स्टुलावर बसायचो, त्याच वेळेला ते चढायचं. आवाज न करता यायचं, स्वच्छ, तळातला पंप दिसेल इतकं. फुगा उठायचा, पंप लागायचा, पाणी उतरायचं, पुन्हा चढायचं. पाण्याला वास होता. ओल्या घोंगडीचा. सोजरशी लग्न झालं तेव्हा तिच्या अंगाला, केसांना तो वास होता. नंतर शहरात गेला. मला तो वास आवडायला लागला. मी तिथं बसून तिच्याशी दोन गोष्टी बोलायचो. कुणाचं लग्न ठरलं, नळाला पाणी आलं की नाही, असलं काहीतरी. पूनमची मशीन चालू असली की तिला ऐकू जायचं नाही.

बाहेर गल्लीतल्या बायका पाइपाखाली घागरी लावायला लागल्या.

"शहाजीमामा, गंगा आली की तुमच्या घरात!" एक जण म्हणाली.

"प्यायला नको, वापरायला न्या," मी म्हणालो.

"का, प्यायला काय झालं? एवढं निवळ हाय."

रत्नम्मा एकटी घागर घेऊन आली नाही. एकदा मी दारातून जाताना तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "दाणे खाल्ले न्हवं, भाऊ?"

"व्हय," मी म्हणालो. पुडी खिशात होती.

मग पाणी उतरायचं थांबलं. पंप चालू, बाहेर पाइपातून मनगटाएवढी धार, आणि खड्डा तेवढाच भरलेला. चन्नप्पानं पंप पुन्हा काढून पाहिला. झडप पाहिली. दुकानातून दुसरा पंप आणून शेजारी सोडला. दोन्ही पंप पाणी फेकत होते आणि पाणी बोटभरही खाली जाईना.

"पंपात खोट न्हाय, मामा," चन्नप्पा म्हणाला. नेहमीसारखी चेष्टा केली नाही. "हे पानी कुटनं येतंय तेच कळंना. माझ्या आख्ख्या जल्मात बगितलं न्हाय आसं." त्यानं हत्यारं गोळा केली. जाताना खड्ड्याकडं पाठ करायची त्यानं टाळली, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाणी काठावरून फरशीवर आलं.

तळघराची फरशी खड्ड्याकडं उतरती केलेली आहे. बांधतानाच तशी करतात, म्हणजे सांडलेलं पाणी खड्ड्यात जातं. मी स्टूल भिंतीकडं मागं घेतलं. पाणी चढाकडं आलं. एका पट्ट्यात आलं, पदर ओढत नेल्यासारखं, आणि माझ्या पायाशी थांबलं. मी उठून मशिनींच्या बाजूला गेलो. पट्टा वळला आणि तिकडं आला. पूनमच्या मशीनच्या पायाला पाणी लागलं, खालचा निळ्या कापडाचा गठ्ठा भिजला.

"आबा, सरका! करंट लागंल!" पूनम ओरडली. तिनं धावत जाऊन मशिनींचा मेन बंद केला. पंपांची वायर वरून वेगळी होती. ते चालूच राहिले. मग आम्ही मशिनींखाली विटा घातल्या, गठ्ठे टेबलावर चढवले. मी जिन्यात गेलो तेव्हा पाणीही जिन्याकडं सरकलं. पूनमनं ते पाहिलं की नाही, मला माहीत नाही. ती ओला गठ्ठा पिळत होती.

गठ्ठा पिळून झाल्यावर ती जिन्यात माझ्याशेजारी बसली. "आबा, मी मगाशी दुधनीला फोन केला," ती म्हणाली. "उद्या टेम्पो येतोय. कापड दुसऱ्याचं हाय. भिजलं तर मी कुटनं भरून देऊ? तितं निदान जागा कोरडी हाय."

"आनि ती मानसं?"

"मानसं हायती तशी हायती." मोडलेला तिचा हात नीट जुळला नव्हता. मनगटाशी थोडा वाकडा आहे. त्याच हातानं ती कपाळावरचा घाम पुसत होती. "आई आसती तर गेले नसते. आता काय."

ती डबे भरायला वर गेली. मी जिन्यात बसून राहिलो. खालच्या पायरीवर पाणी होतं. मी खाली पाहून म्हणालो, "सोजर, पोर चालली गं."

पाणी हललं नाही. पंप चालू होते. मग ते आणखी एक पायरी वर आलं. माझ्या पायाच्या अंगठ्याला लागलं. थंड होतं आणि वास इतका दाट होता की ती शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. मी खिशाला हात लावला. सदरा घामानं भिजून गेला होता आणि पुडी कोरडी होती.

रत्नम्मा म्हणाली होती, देणारी वाट बघत बसते. मला आतापर्यंत वाटत होतं की सोजर माझ्यासाठी येते. ती दिलेले दाणे मी खाल्ले का ते बघायला येत होती. मी खाणार नाही तोवर ती येत राहणार होती, आणि ज्या मशिनी तिनं इथं आणून मांडल्या त्या तिच्याच पाण्यात बुडणार होत्या.

मी तिथं किती बसलो ते सांगता येणार नाही. मग उठलो.

वर पूनमनं आधणात तांदूळ नुकतेच वैरले होते. ती पाठ करून डब्यांना झाकणं लावत होती. मी पुडी उघडली. दाणे तळहातावर घेतले, पाहिले, आणि पातेल्यात टाकले. पातेल्यात ते कुठले आणि बाकीचे कुठले हे लगेच कळेनासं झालं.

आम्ही जेवायला बसलो. पूनमनं दोन घास खाल्ले आणि ताटाकडं पाहिलं.

"आबा, भाताला घोंगडीचा वास येतोय का?"

"तांदूळ जुना आसंल," मी म्हणालो. "खा. सगळा खा. टाकू नगंस."

आम्ही पातेलं पुसून खाल्लं. मी सावकाश खाल्लं. शेवटचा घास बराच वेळ तोंडात ठेवला आणि मग गिळला.

त्याच वेळी खालून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. पूनम दचकली. मला गिरणीतली सवय, मी ओळखलं. पंप कोरडे फिरत होते. मी जिना उतरून पळत गेलो आणि दोन्ही बटणं बंद केली. कोरडा पंप चालू राहिला तर मोटर जळते.

खड्ड्यात पाणी नव्हतं. तळ दिसत होता, पंपाचे पाय दिसत होते. दोन फुगे एकमेकांत अडकून वरच लटकले होते, म्हणून पंप बंद झाले नव्हते. फरशीवर ओल होती, पण ती काठाकडून आक्रसत होती, डोळ्यांदेखत. वास नव्हता. मी वाकून खड्ड्यात तोंड घातलं तरी नव्हता.

पूनम गच्चीवरून आली. तिच्या हातात खण होता, उन्हात वाळून पापडासारखा ताठ झालेला.

ती खड्ड्याकडं, कोरड्या होत चाललेल्या फरशीकडं बघत राहिली. मग खण मशीनवर ठेवला आणि दुधनीला फोन लावला. "टेम्पो पाठवू नका," एवढंच म्हणाली. पलीकडून कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं. तिनं फोन बंद केला, मशिनींखालच्या विटा काढल्या आणि मेन चालू केला.

गणवेश वेळेत गेले. चन्नप्पा म्हणतो, कुठंतरी मोठी पाइप फुटली असणार आणि मग जोडली असणार. तो आता खड्ड्यावर वाकताना आधी हात जोडतो. रत्नम्मानं मला काही विचारलं नाही. पाणी गेलं त्या संध्याकाळी मी दारातून जाताना माझ्याकडं एकदा पाहिलं आणि विड्या वळायला लागली. पूनमनं त्या खणाची चोळी शिवून घेतली. "पुढच्या वैशाखात ओटी मी भरनार," असं तिनं आपण होऊन सांगितलं. मी पाठ करून पायरीवर उभा राहीन.

पंपाकडं माझं लक्ष आहे. खड्डा बरेच दिवस कोरडा राहिला की पंखा गंजून अडकतो, म्हणून दर शुक्रवारी मी एक बादली पाणी त्यात ओततो. फुगा उठतो, पंप लागतो, पाणी बाहेर जातं. बादली ओतून झाली की मी थोडा वाकून वास घेतो. नळाच्या पाण्याचा वास येतो. मग झाकण लावून वर येतो.